गिनी कोंबडीची चोच मोडली तर?



या पानांवर लागणीचे अंतर, बेण्याची निवड, खोडव्याची निगा, पाचट जाळावे की कुजवावे असेच विषय बहुतेक येतात, आणि ते यायलाच हवेत. पण उसाचे बिल हाती पडायला वर्ष-दीड वर्ष जाते. तोवर घरातले तेल-मीठ, पोरांच्या वह्या, दळणाचे पैसे कशावर भागतात हे घरातल्या बाईला विचारावे. दोन शेळ्या, एखादी म्हैस आणि अंगणातल्या पाच-सहा कोंबड्या हीच तिची बँक. त्या कोंबड्यांच्या जोडीला काही मळ्यांवर एक राखाडी अंगाचे, पांढऱ्या ठिपक्यांचे, डोक्यावर शिंगासारखे टेंगूळ असलेले आणि दिवसभर कलकलाट करणारे पाखरू दिसते. ती गिनी कोंबडी. कोणी तिला चिनी कोंबडी म्हणतात, पण चीनचा आणि तिचा काही संबंध नाही. ती मूळची आफ्रिकेची.

हा लेख तिच्या एका दुखण्याबद्दल आहे. चोच मोडणे, टोकाचा तुकडा उडणे, चोचीला चीर पडणे. दुखणे रोजचे नाही, पण झाले की घरोघर एकच उपाय सांगतात : "आता ती काही जगत नाही, कापा आणि रस्सा करा." कापायची की नाही हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. पण जगत नाही, हे मात्र खरे नाही. पुष्कळदा जगते आणि पुढे अंडीही देते.

गेल्या उन्हाळ्यात पिंप्राळ्याच्या शिवारातल्या एका मळ्यावर आम्ही हे जवळून पाहिले. पिंप्राळा म्हणजे आषाढी एकादशीच्या रथाचे पिंप्राळा. आता ते जळगाव महानगरपालिकेत गेले, वस्ती वाढली, तरी कडेला मळे तग धरून आहेत. रात्री कुत्रे शिरले. गिनी कोंबड्यांना अंधारात नीट दिसत नाही. त्या भडकून उडाल्या आणि त्यातली एक जाळीच्या दारावर आदळली. सकाळी पाहतात तो वरच्या चोचीचा पुढचा तुकडा गायब, उरलेल्या भागाला बारीक चीर, रक्त वाळलेले. मालकीणबाई म्हणाल्या, "भाऊ, दाणे टाकते तर धावत येते, टोचते बी, पण दाणा काही उचलत नाही. दिवसभर टोचत राहते आणि उपाशीच बसते."

बाईंच्या या दोन वाक्यांत सगळे दुखणे आले. आपण अंगठा आणि बोट यांच्या चिमटीत दाणा धरतो. त्यातले एक अर्धे कापले गेले तर सपाट फरशीवरचा ज्वारीचा दाणा उचलून दाखवा! कोंबडीचे तसेच होते. खालची चोच पुढे राहते, वरची आखूड पडते, दाणा ढकलला जातो पण धरला जात नाही. चोच मोडलेली कोंबडी सहसा जखमेने मरत नाही. ती दाण्यांसमोर उपाशी मरते. आणि फसगत अशी की पाहणाऱ्याला ती खाताना दिसते. मान खाली-वर चालू असते, म्हणून मालक निर्धास्त राहतो. चार-पाच दिवसांनी ती पिसे फुगवून कोपऱ्यात बसली की म्हणतात, जखम आत गेली. जखम कुठे गेलेली नसते, पोट रिकामे असते.

म्हणून पहिली गोष्ट ही शिकून ठेवावी. कोंबडीच्या गळ्याखाली, छातीच्या वर, बहुतेक उजव्या अंगाला अन्न साठवण्याची पिशवी असते. संध्याकाळी कोंबडी हातात घेऊन तिथे बोटांनी हलके चाचपावे. पोटभर खाल्लेली असेल तर लिंबाएवढा भरीव गोळा लागतो. काहीच लागले नाही तर ती दिवसभर नुसती टोचत होती असे समजावे. सकाळी ही पिशवी रिकामी असणे ठीक. पण सकाळीही ती गच्च आणि घट्ट असेल तर अन्न अडकले आहे, ते वेगळे दुखणे. घरात वाण्याचा तराजू किंवा स्वयंपाकघरातला काटा असेल तर रोज एकाच वेळी वजन करून भिंतीवर कोळशाने आकडा लिहावा. मोठी गिनी कोंबडी साधारण सव्वा ते दीड किलोची भरते. आकडा रोज घसरत असेल तर डोळ्यांवर विश्वास ठेवू नये.

आता चोच म्हणजे काय ते पाहू, कारण त्यावरच बरे होणार की नाही हे ठरते. बैलाच्या शिंगाची खोळ निघालेली आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. वर शिंगाची टणक खोळ, आत रक्ताळ हाड. चोचीची रचना अगदी तीच. आत हाड, वर नखासारख्या पदार्थाची खोळ. ही खोळ मुळाकडून सतत वाढत असते आणि टोचून टोचून टोकाला झिजत असते. नुसते खोळीचे टोक उडाले असेल तर ते काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत पुन्हा येते. टोकाबरोबर आतले हाडही गेले असेल तर खोळ थोडीफार येते, पण पूर्वीचा आकार येत नाही. आणि वरची चोच नाकपुडीजवळून, मुळातून उखडली असेल तर ती परत येत नाही. उजेडात नीट पाहिले, तर या तिन्हींपैकी आपली कोंबडी कुठे बसते हे कोणालाही समजते.

एक शंका हमखास निघते. लेअर पोल्ट्रीवाले तर कोंबड्यांच्या चोची स्वतःहून कापतात, त्या कशा जगतात? प्रश्न चांगला आहे. तिथे पिल्लू आठ-दहा दिवसांचे असताना गरम पात्याने टोक भाजून काढतात, तेवढ्यात रक्तही थांबते. पण त्या जगतात त्याचे खरे कारण दुसरे आहे : त्यांना खाद्य भुकटीच्या रूपात, खोल पन्हळीत मिळते. आखूड चोच खाद्यात बुडवली की तोंड भरते. जमिनीवर विखुरलेले दाणे वेचायला लावले असते तर त्यांचेही हाल झाले असते. आपल्याला घ्यायचा तो धडा एवढाच. बाकी त्या कापण्याचे कौतुक नको. चोचीच्या टोकात बारीक शिरा दाटीने असतात, तिथे दुखते, आणि दुखणे रेंगाळू शकते. ब्रीवर्ड आणि जेंटल या ब्रिटिश संशोधकांनी १९८५ साली दाखवून दिले की मोठ्या कोंबडीची चोच कापल्यावर तुटलेल्या मज्जातंतूंच्या गाठी होतात आणि त्या विनाकारण संदेश सोडत राहतात. माणसाचा पाय कापल्यावर नसलेला पाय दुखतो, त्यातलाच हा प्रकार. तेव्हा पहिले एक-दोन दिवस कोंबडी खाद्याला तोंड लावत नसेल तर तो हट्ट नव्हे.

पहिल्या तासात करायचे ते थोडे आहे. धरताना पाय धरून ओढू नये. गिनी कोंबडीचे पाय गावठी कोंबडीपेक्षा नाजूक, लगेच दुखावतात. दोन्ही पंख अंगाशी दाबून धरावे, डोक्यावर फडके टाकावे. अंधार झाला की ती निम्मी शांत होते. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने पाच मिनिटे न सोडता दाबून धरावे, सारखे उचलून पाहू नये. तरी पाझरत असेल तर मक्याचे पीठ किंवा मैदा चिमूटभर टोकावर दाबावा. नाकपुडीत जाऊ देऊ नये. जखमेवर माती, शेणकूट लागले असेल तर उकळून गार केलेल्या पाण्यात थोडे मीठ टाकून त्याने धुवावे. आयोडीनचे लालसर औषध घरात असते, ते फिकट चहासारखे दिसेल इतके पाणी घालून लावावे, घशात उतरू देऊ नये. चुना, तंबाखू, रॉकेल यांतले काहीही लावू नये. आपल्याकडे हे तिन्ही उपाय मोठ्या आत्मविश्वासाने सांगणारे लोक आहेत. त्यांना चहा पाजावा आणि वाटेला लावावे.

चिरेला फेव्हिक्विक लावतात हे खरे आहे, पण ते डॉक्टरचे काम. चीर कोरडी, स्वच्छ आणि फक्त खोळीतच असली तरच ते चालते. घरी लावायला गेले तर आत घाण कोंडली जाते, आणि कोंबडीने डोके झटकले की डोळा किंवा नाकपुडी चिकटते. लोंबणारा तुकडाही ओढून काढू नये. तो कदाचित बसवता येईल, आणि ओढताना चांगला भाग सोबत निघून येतो.

नंतर तिला वेगळे काढावे. कोंबड्यांना रक्ताचा लाल रंग दिसला की बाकीच्या टोचून टोचून जखम वाढवतात, यात गिनी कोंबड्या कोणाला हार जात नाहीत. पण ही कळपाची पाखरे. एकटी कोंडली की दिवसभर हाका मारते, जाळीवर धडका देते, खात नाही. मधला मार्ग असा की त्याच खुराड्यात किंवा ओट्यावर बारीक जाळीचा आडोसा करावा, म्हणजे सोबतिणी दिसतील, ऐकू येतील, पण चोच पोचणार नाही. आतून तारेची टोके बाहेर आलेली नसावीत. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा पत्र्याखाली ठेवू नये. निंबाखाली किंवा छपरात ठेवून कडेने ओले पोते टांगावे. रात्री झाडावर बसायची तिची सवय असली तरी या दिवसांत खालीच ठेवावी.

आता खाण्याचे, म्हणजे मुख्य कामाचे. ताट, पाटी, जमीन हे तिन्ही बंद. एक जड, रुंद तोंडाचे भांडे घ्यावे, मातीचे किंवा दगडी, जे धक्क्याने कलंडणार नाही. त्यात खाद्य किमान दोन-तीन बोटे खोल असले पाहिजे. खोली हेच औषध. वरची चोच आखूड असली तरी खोल खाद्यात तोंड खुपसले की खालची चोच फावड्यासारखी काम करते. दादरचा किंवा बाजरीचा बारीक भरडा, त्यात मूठभर शेंगदाण्याची पेंड कुटून, आणि ओंजळीने गोळा बांधला तर बांधला जाईल पण बोट लावले की सुटेल इतपत पाणी. फार पातळ केले तर नाकात जाते, कोरडे ठेवले तर चोचीला धरत नाही. बाजारातले लेअर मॅश मिळाले तर उत्तमच, तेही ओले करूनच द्यावे. उकडलेले अंडे कुस्करून घातले तर अशक्त कोंबडी लवकर सावरते. कोंबडीला अंडे कसे द्यायचे म्हणून घरात हसतात, हसू द्यावे. खारी पेंड, शेव, फरसाण यांचा चुरा देऊ नये.

ओले खाद्य आपल्या उन्हात दोन-तीन तासांत आंबते. म्हणून एकदाच पातेलेभर न करता दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे द्यावे आणि दर वेळी भांडे घासावे. कामाच्या बाईला, सालदाराला हे सांगून होत नाही. घरातल्या कोणीतरी एकाने अंगावर घ्यावे लागते. आमच्या पाहण्यात हे काम म्हातारी माणसे आणि शाळेतली पोरे सर्वांत चांगले करतात, कारण त्यांना बसून पाहायला वेळ असतो.

पाण्याचेही तेच. उथळ थाळीतले पाणी तिला घेता येत नाही. चोच बुडेल इतके, दोन-तीन बोटे खोल पाणी हवे. खाल्ल्यावर नाकपुडीशी खाद्य चिकटून सुकते, ते ओल्या फडक्याने रोज पुसावे, नाहीतर श्वास कोंडतो. दोन दिवस न खाल्लेली कोंबडी असेल तर पहिल्या दिवशी एक लिटर पाण्यात सहा लहान सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते पाणी ठेवावे. हगवण लागलेल्या पोराला देतो तेच. साखर आपल्याच हिश्श्याची, त्यात काटकसर नको. पण मीठ जास्त पडता कामा नये, कोंबड्यांना ते सोसत नाही.

घशात पिचकारीने पातळ खाद्य घालावे का, असे विचारतात. शक्यतो नाही. कोंबडीची श्वासनळी जिभेच्या मुळाशीच उघडते. तोंड उघडून मधोमध पाणी सोडले की ते थेट फुप्फुसात जाते आणि हातातच कोंबडी जाते. फारच गळालेली असेल तर चोचीच्या कडेला एकेक थेंब लावावा, तो तिने स्वतः गिळला की दुसरा. घाई असलेल्या माणसाने हे काम करू नये.

पिंप्राळ्याच्या त्या कोंबडीला आधी पितळी वाटी दिली होती, ती कलंडायची. मग गुरांच्या मिठाची जुनी दगडी कुंडी मिळाली. त्यात ओला भरडा भरून दिला, तेव्हा पहिल्या दिवशी तिने तोंड खुपसून फक्त मान झटकली, भिंतभर भरडा उडाला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पिशवी अर्धी लागली. आठवडाभरात वजन घसरायचे थांबले. चोचीचे टोक नागपंचमीच्या सुमारास पुष्कळसे भरून आले, थोडे वाकडे. अजूनही ती सपाट जागेवर बारीक बाजरी वेचू शकत नाही. मका आणि कुंडीतले खाद्य खाते. त्या मळ्यावर आता सगळ्याच कोंबड्या कुंडीत खातात, त्यामुळे दाणे वाया जात नाहीत असे बाईंचे म्हणणे.

खाणे जमले की लोक काळजी सोडतात, पण दोन गोष्टी राहतात. चोच ही नुसती चिमटी नव्हे, ती कोंबडीची फणीही आहे. पिसे साफ करणे, उवा वेचणे हे सगळे चोचीने होते. ते थांबले की महिनाभरात पंखाखाली, शेपटीच्या मुळाशी उवा आणि किडे माजतात, आणि आधीच अशक्त पाखराचे रक्त जाते. आठवड्यातून एकदा पंख उचलून पाहावे. एका घमेल्यात चुलीची चाळलेली गार राख आणि बारीक माती मिसळून ठेवावी. ती त्यात लोळते, निम्मे काम तिथेच होते. दुसरी गोष्ट खालच्या चोचीची. वरची चोच आखूड असली की खालचीला घासायला काही उरत नाही, ती लांबत जाते, कधी वळते. मग बारीक कानशीने किंवा नखांच्या कानशीने पुढचा पिवळट, निर्जीव भाग थोडा थोडा घासावा. उजेडासमोर धरले तर आतली रक्ताची रेघ दिसते, तिच्यापासून दूर राहावे. नखे कापायच्या कटरने तोडू नये, चीर वर जाते. कुंडीत खडेही असू द्यावेत, बाजरीएवढे. कोंबडीला दात नाहीत; कलेजीबरोबर विकतात तो पेटा हेच तिचे जाते, आणि खड्यांशिवाय ते जाते चालत नाही.

ढोरांचा डॉक्टर कोंबडीकडे पाहील का, असा संकोच पुष्कळांना वाटतो. पशुवैद्यकीय दवाखाना कोंबड्यांसाठीही आहे. १९६२ या क्रमांकावर फोन केला तरी सल्ला मिळतो. हाड मोडले असेल, जखमेला वास येत असेल, माशी बसून आळ्या पडल्या असतील किंवा दोन दिवसांत काहीच पोटात जात नसेल तर वाट पाहू नये. मेडिकलमधून माणसाच्या दुखण्याच्या गोळ्या आणून कुस्करून घालणे हा सर्वांत वाईट प्रकार. डायक्लोफेनॅक हे औषध दिलेल्या मेलेल्या जनावरांचे मांस खाऊन देशातली गिधाडे जवळजवळ संपली, आणि २००६ साली केंद्र सरकारने जनावरांसाठी त्याच्यावर बंदी आणली, हे आपल्याला माहीत आहे. पाखरांची मूत्रपिंडे त्या औषधापुढे टिकत नाहीत, कोंबडीचीही नाहीत. डॉक्टरांनी प्रतिजैविक दिले तर किती दिवस अंडी आणि मांस खायचे नाही हे त्याच वेळी विचारून घ्यावे आणि पाळावे.

परदेशात चोचीसाठी काय काय केले गेले ते वाचून नवल वाटते. अलास्कात २००५ साली कोणीतरी गोळी घातल्यामुळे एका गरुडाची वरची चोच गेली. 'ब्यूटी' हे तिचे नाव. आयडाहोत तिला नेऊन हाताने भरवत ठेवले आणि २००८ साली यंत्रावर छापलेली नायलॉनची चोच बसवली. कोस्टा रिकात 'ग्रेसिया' नावाच्या टुकन पक्ष्याची वरची चोच २०१५ साली काही पोरांनी मारून तोडली. त्यालाही पुढच्या वर्षी कृत्रिम चोच मिळाली. त्या घटनेवरून तिथे इतका संताप उसळला की २०१७ साली प्राण्यांच्या छळाविरुद्ध कडक कायदा झाला. आपल्या खुराड्यातल्या कोंबडीसाठी असले काही करायला कोणी सांगत नाही. पण त्या गरुडालाही कृत्रिम चोच येईपर्यंत वर्षानुवर्षे जगवले ते भरवणाऱ्या हातांनी, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

प्रत्येक कोंबडी वाचवता येते असे मात्र आम्ही म्हणणार नाही. वरची चोच मुळातून गेली, नाकातून रक्त येते, खालचे हाडही मोडले, तीन-चार दिवस खोल भांड्यातले काही घेतले नाही आणि छातीचे हाड सुरीसारखे हाताला लागू लागले, तर तिला उगाच रेंगाळत ठेवणे ही दया नव्हे. डॉक्टरांकडून किंवा जाणत्या हाताने झटकन सोडवावे. लवकर निर्णय घेणे अवघड जाते, विशेषतः घरातल्या पोरांनी तिला नाव ठेवलेले असेल तर.

एवढी खटपट करण्याजोगे हे पाखरू आहे का? आमच्या मते आहे. हिंदुस्थानात यावर चांगले काम झाले आहे; बरेलीजवळ इज्जतनगर येथे १९७९ साली स्थापन झालेल्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने कादंबरी, चितंबरी आणि श्वेतांबरी या गिनी कोंबडीच्या तीन जाती तयार केल्या. ती उन्हाला दबत नाही, बऱ्याच रोगांना दाद देत नाही, अंड्याचे कवच जाड असल्याने अंडे बाजारापर्यंत फुटत नाही. अंडी मात्र बारमाही नाहीत, साधारण उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत. पिल्लू निघायला २६ ते २८ दिवस लागतात. अनोळखी माणूस, साप, मुंगूस काही दिसले की सगळा मळा डोक्यावर घेते. रात्री पाणी द्यायला जाणाऱ्यांना याचे मोल कळते. वाळवी, टोळ, किडे वेचते. अमेरिकेत १९९२ साली छापलेल्या एका अभ्यासात गिनी कोंबड्या फिरत असलेल्या हिरवळीवर मोठ्या गोचिडांची संख्या कमी आढळली होती. तेवढ्यावरून गोठा गोचीडमुक्त होतो असे मात्र समजू नये.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. एकाच कोंबडीची चोच मोडली तर ती जखम आहे. पण अनेक कोंबड्या एकदम मरगळल्या, डोकी सुजली, तुरे निळे पडले, पटापट मरू लागल्या तर ते वेगळे प्रकरण. भारतात कोंबड्यांतला बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो आपल्याच खानदेशात, नवापूरला, फेब्रुवारी २००६ मध्ये, आणि २०२१ साली तिथेच पुन्हा आला. अशा वेळी कोंबडी मांडीवर घेऊन चोच तपासत बसू नये. हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. चोचीच्या कडेला, डोळ्यांभोवती काळ्या खपल्या आल्या असतील तर ती देवी असू शकते, मार लागलेला नव्हे.

दुसरे, ऊसतोडीत कधी जखमी तितर सापडतो, कधी मोर. ठिपक्यांमुळे तितराला कोणी गिनीचे पिल्लू समजून खुराड्यात घालतात. ही रानपाखरे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, घरी ठेवता येत नाहीत. सावलीत खोक्यात झाकून ठेवावे आणि वनखात्याला १९२६ वर कळवावे.

बरी झालेली कोंबडी कळपात सोडायची ती संध्याकाळी, सगळ्या बसायला लागल्यावर. दिवसा सोडली तर परक्यासारखी हाकलतात. पहिले आठ दिवस तिची कुंडी वेगळी, आणि इतरांना आधी पोटभर घालून मगच ती भरावी. आणि ज्या दारावर चोच मोडली ते दार आधी पाहावे : जाळी इतकी बारीक हवी की डोके आत जाणार नाही, कापलेल्या तारांची टोके आत वळवून पट्टीखाली दाबलेली हवीत, आणि जाळीवर दोन हात उंचीपर्यंत जुने गोणपाट शिवलेले असावे, म्हणजे अंधारात भडकून उडाल्या तरी तारेऐवजी कापडावर आदळतील.